तांब्याचा तांब्या आणि निळा दगड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या वैनींनी बेळगावात एका प्रदर्शनात साडेआठशे रुपयाला निळा दगड घेतला, कोव्हेलाइट म्हणे. स्टॉलवाल्यानं सांगितलं यानं तिसरा डोळा उघडतो, गुडघेदुखी पण कमी होते (वैनींना इंटरेस्ट दुसऱ्यातच), फक्त रात्रभर पाण्यात टाकायचा आणि सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्यायचं. दगड गळ्यात घाला, देव्हाऱ्यात ठेवा, माझी काय हरकत नाही, पण त्या पाण्यावरनं घरात चांगलंच वाजलं म्हणून हे पत्र.

दगड दिसायला भारी, हे मान्य. कपड्याला घालतो त्या निळीसारखा गडद, ओला केला की जांभळा मारतो. पण मऊ इतका की नखानं ओरखडा निघाला, आणि कडेचा एक पापुद्रा अभ्रकासारखा सुटून हातातच आला, त्यावरनं वैनी दोन दिवस बोलल्या नाहीत. फरशीच्या मागच्या बाजूला घासला तर रेघ निळी नाही, काळपट, शिसपेन्सिलीगत. तांबं आणि गंधकाचं हे खनिज, वजनात 66 टक्के तांबं. कोव्हेली नावाच्या इटालियन माणसाला व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर मिळालं, 1832 साली त्याचंच नाव पडलं. चक्रंबिक्रं नंतर कुणीतरी चिकटवलेली.

स्टॉलवाला म्हणतो, 'तांब्यातलं पाणी पिता की, मग हे पण कॉपरच'. इथंच गोम आहे. तांब्याचा तांब्या म्हणजे नुसता धातू, तरी त्यात आपण ताक ठेवत नाही, कळकतं म्हणून, आमची आई कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटीला चिंचसुद्धा घालू द्यायची नाही. आणि दगडात तांबं गंधकाला धरून बसलेलं. चोख दगड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणजे प्यायलेलं पाणी साधंच. पण दमट हवा लागली की वरच्या थराचं हळूहळू सल्फेट होतं, म्हणजे आपलं मोरचूद, आणि ते पाण्यात लगेच उतरतं. आता खानापूर-बेळगावचा पावसाळा तुम्हाला काय सांगू, कपाटातल्या चपलेला बुरशी येते इथं. अथणीकडं द्राक्षबागेवर चुना-मोरचूद मारणाऱ्यांना विचारा ते पोटात गेलं तर काय होतं, उलट्या होतातच, जास्त गेलं तर लिव्हर-किडनीवर येतं. शिवाय खाणीत याच्या जोडीला आर्सेनिकवालं खनिज पण मिळतं, तो कण यात आहे का नाही हे नुसत्या डोळ्याला कुठं दिसणार.

तेव्हा विकणाऱ्यांनी विकावं, पण पाकिटावर 'पाण्यात टाकून पिऊ नये' एवढं मराठीत आणि कन्नडात छापावं, आणि ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी तो तांब्यातनं आज बाहेर काढावा. वैनींचा दगड सध्या शोकेसमध्ये आहे. गुडघ्याचा एक्सरे सोमवारी.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव