फुगे राहू द्या, दाराला कडी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. त्यानिमित्त ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात गुलाबी फुगे लागले, केक कापला आणि नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलेली म्हणून मला मधोमध उभं करून फोटो काढला. त्या फोटोत मी ओढणी छातीशी गच्च धरली आहे. लाजून नव्हे. कुर्ता भिजला होता. सकाळपासून दूध काढायला जागाच मिळाली नव्हती.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं, वरचं पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात. २०१७ पासून पगारी रजाही २६ आठवड्यांची झाली, म्हणजे हिशेब जुळायला हवा. पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात आणि माझे ते आठही आधीच संपले. बीपी वाढलेलं, पायांना सूज. कळव्याहून ठाण्याला येऊन वाशीच्या गाडीसाठी नऊ-दहा नंबरच्या फलाटाचा पूल चढणं होईना. उरले १८ आठवडे. कामावर रुजू झाले तेव्हा मुलगी जेमतेम चार महिन्यांची होती.

मग पंप आला. दर तीन-चार तासांनी दूध काढलं नाही तर छाती दगड होते, कधी तापही भरतो. शिवाय जेवढं निघतं तेवढंच नवं तयार होतं. काढणं चुकलं की आटायला लागतं. गाडीत कुणाचं बाळ रडलं तरी मला पान्हा फुटतो, त्याला ऑफिसच्या मीटिंगची वेळ काय कळणार? घरी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “शिळं दूध पाजायचं का गं पोरीला?” फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं आणि वर आलेली साय बिघडल्याची खूण नव्हे, हे त्यांना डॉक्टरांकडूनच ऐकवावं लागलं. आता बाटली गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करतात आणि बोंडल्याने पाजतात. ऑफिसपेक्षा लवकर सुधारल्या, हे इथे लिहायलाच हवं.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या, ही तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. २०१७ मध्ये पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराचीही सक्ती आली. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, “तुम्ही वॉशरूम वापरू शकता ना.” आपला डबा कुणी संडासात बसून खातं का? मग माझ्या मुलीचा तिथे का भरायचा?

बाहेरही तीच कथा. मध्यंतरी एका बस स्थानकात हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची, पाटी दिसली, म्हणून धावत गेले. कुलूप. चावीवाला जेवायला गेलेला. तो आल्यावर दार उघडलं तर आत झाडू, जुने बॅनर आणि तीन मोडक्या खुर्च्या. रायगडावरच्या हिरकणीला निदान कडा तरी मोकळा मिळाला होता.

मी फार काही मागत नाही. एक खुर्ची, एक प्लग पॉइंट, हात धुवायला नळ आणि दाराला आतून कडी. फुग्या-केकच्या खर्चात कडी आणि खुर्ची तरी नक्की आली असती. ऐरोली ते महापेपर्यंतच्या कंपन्यांत माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील. कामगार खात्याने तपासणीला आल्यावर रजेचं रजिस्टर बघून झालं की ही खोलीही उघडून बघावी.

सध्या हाउसकीपिंगच्या मावशींनी त्यांच्या सामानाच्या खोलीत मला कोपरा करून दिला आहे. मी आत असले की त्या बाहेर बादली आडवी ठेवून उभ्या राहतात. त्यांची ड्यूटी चारला संपते. माझी दुसरी वेळ साडेचारची.

– एक वाचक, कळवा
(कृपया नाव छापू नये.)