एसी घेण्याआधी मीटरसमोर बस

सातारा, ५ मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने मला दोनदा वाचून दाखवला. एप्रिलचं बिल ४३० युनिटांचं आलं आणि आता नवा फाइव्ह स्टार एसी घेऊ का, असं तू विचारतेस. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो, पण मग तू हिशेब न करताच मान डोलावली असतीस, म्हणून सविस्तर लिहितो. एसीचं आठवड्याने ठरव. आधी घराचं ऑडिट कर, म्हणजे वीज कुठे किती जाते ते मोज.

हसू नकोस. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात मोठ्या कारखान्यांसाठी ऊर्जा लेखापरीक्षणाची तरतूद आहे, त्यांच्याकडे रीतसर परीक्षा पास झालेले ऑडिटर जातात. तुझ्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरी कोण येणार? तिथे ऑडिटर तूच. सामान काय, तर वही, पेन आणि मोबाइलमधलं घड्याळ.

आता आपल्याच घरची गोष्ट ऐक. आईने तुला ती सांगितलेली दिसत नाही, नाहीतर तू एव्हाना चिडवलं असतंस. फेब्रुवारीत बिल बघून मला शंका आली. माणसं दोन, एसी नाही, मग एवढी युनिटं जातात कुठे? एका रात्री जेवणं झाल्यावर फ्रीजसकट नेहमीची सगळी बटणं बंद केली आणि स्टूल घेऊन मीटरसमोर बसलो. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो तो तू पाहिला असशील. आपल्या मीटरच्या पाटीवर बारीक आकड्यांत ३२०० लिहिलंय, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. यावरून निघणारं गणित मी पोरांना वर्गात घालायचो : ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भाग, त्या घडीला घर किती वॅट ओढतंय ते कळतं. तुझ्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घे. एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नकोस, दहा मोजून सरासरी काढ.

दिवा पंचवीस-पंचवीस सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे ४५ वॅट. वायफायचा डबा, सेट टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर, यांचा तो खर्च. नगण्य वाटतो, पण दिवसरात्र चालला तर महिन्याला ३२ युनिटं होतात. हे वहीत लिहीत होतो तेवढ्यात दिवा एकदम सुटलाच. सेकंदाला जवळजवळ दोनदा! म्हणजे दोन हजार वॅट, आणि घरात तर काळोख. पाचेक मिनिटं हा प्रकार चालला आणि पुन्हा सगळं शांत. मी मीटरपेटीतले एकेक एमसीबी, म्हणजे एकेका भागाची वीज तोडणारे खटके, पाडत पाडत शोधत गेलो तर वरच्या बाथरूमचा गीझर सापडला. नरक चतुर्दशीला पहाटे तुझ्या अभ्यंगस्नानासाठी लावलेला! बटणातला लाल दिवा केव्हाच गेलेला आणि बटण दाराआड, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. टाकीतलं पाणी निवत होतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत होता, आणि त्या पाण्याने आंघोळ करणारं कुणी नव्हतं. दिवसाला साधारण एक युनिट धर. चार महिन्यांत शंभर-सव्वाशे युनिटं नुसती हवा गरम करण्यात गेली.

आई म्हणाली, "अहो, आयटीआयत एवढी वर्षं काय शिकवलंत पोरांना?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तर त्याआधी फ्रीज बदलायचं मनाशी ठरवूनही टाकलं होतं! तो बिचारा निर्दोष निघाला. मोजायला बसलो नसतो तर नवा फ्रीज आला असता आणि गीझर तसाच चालू राहिला असता.

म्हणून तूही रोज झोपताना मीटरचा आकडा लिही आणि उठल्यावर लिही. त्यातल्या दोन रात्री एसीशिवाय काढ, घामाघूम होशील पण एसीचा खरा खर्च समजेल. माझा अंदाज, घरमालकाचा तो जुना दीड टनी एसी रात्रीला आठ-नऊ युनिटं खात असेल. अंदाज चुकला तर मला कळव, मला आनंदच होईल.

बिलातली एक गोमही ध्यानात ठेव. घरगुती दराच्या पायऱ्या १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुझी पहिली ३०० युनिटं त्यामानाने स्वस्त, महाग आहेत ती वरची १३०. वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या वरच्या पायरीवरूनच कमी होतं, आणि त्याबरोबर १६ टक्के वीजशुल्कही. तेव्हा १३० युनिटं कुठून काढायची, एवढाच प्रश्न आहे. दिव्यांच्या मागे लागू नकोस, ९ वॅटच्या एलईडीत आता वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

पंख्याकडे मात्र बघ. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणारा एक पंखा बदललास तर महिन्याला वीस युनिटं सुटतात, आणि घर सोडताना तो काढून नेता येतो. एसी लावलास की २४ वर ठेव आणि पंखाही चालू ठेव. २०२० पासून स्टार लेबलच्या एसींची मूळची सेटिंगच २४ असते, आणि एकेका अंशामागे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. एसीची जाळी दर पंधरवड्याला धू. दाराखालच्या फटीत जुनी सतरंजी सरकव.

पण तुझ्या घराचा खरा गुन्हेगार एसी नसून डोक्यावरचा स्लॅब आहे, असं मला वाटतं. सगळ्यात वरचा मजला, त्यात नागपूरचं ऊन. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. नवा एसी आणलास तरी तो त्याच तापलेल्या काँक्रीटशी झुंजणार. घरमालकाशी बोलून गच्चीला चुन्याची जाड सफेदी मारून घे, पांढरा रंग ऊन बराचसा परतवतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत हे उरकायला हवं. पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी बाहेरून बांध. आतला पडदा ऊन घरात येऊन गेल्यावर अडवतो, त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि कूलर? नागपूरला राहून कूलर नाही म्हणजे कमाल झाली. तिथली हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं, म्हणून दीडशे-दोनशे वॅटमध्ये खोली गार होते. मुंबईला तो दमट हवेत नुसती चिकचिक करतो. फक्त कूलर लावून दारं-खिडक्या बंद करू नकोस, ओल बाहेर जायला वाट हवी. एसी नि कूलर एकत्र तर मुळीच नको.

हे सगळं करून नवा एसी घ्यावासा वाटलाच तर जरूर घे. लेबलवर नुसते स्टार मोजू नकोस, वर्ष बघ. निकष मधूनमधून कडक होतात, दुकानात पडून राहिलेला जुन्या साली पाच स्टार मिळालेला एसी आजच्या निकषात पाचचा राहीलच असं नाही.

वीजबचतीचं म्हणून कुणी प्लगमध्ये खोचायचं यंत्र विकायला आलं तर दारातूनच नमस्कार कर. मामाने प्रदर्शनातून तसलं एक आणलं होतं. मी उघडलं तर आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. घरगुती बिल वापरलेल्या युनिटांवर येतं, कपॅसिटरने ती कमी होत नाहीत. मामाला समजावून पाहिलं. तो म्हणाला, असू दे भाऊजी, रात्री उठताना उजेड बरा पडतो.

गीझर मात्र दिवाळीपर्यंत विसर. तुझ्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी या दिवसांत तसंच कढत येत असेल.

तुझे,
बाबा

ता. क. माझा वॅटमीटर कुरिअरने पाठवला आहे. घरमालकाच्या फ्रीजला लाव आणि पूर्ण २४ तास राहू दे. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, तासाभराचा आकडा कामाचा नाही. फ्रीजच्या दारात दहाची नोट अडकवूनही ओढून बघ, अलगद निघाली तर रबर गेलंय. त्याच डब्यात आईने कारळ्याची चटणी घातली आहे. ती फ्रीजमध्ये ठेवायची नाही, असं तिने तीनदा सांगितलंय.