कमांड-लाइनवर वापरकर्त्याच्या नावांना स्वतंत्र जागा हवी

संपादक महोदय,

टर्मिनलवर (संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत) कमांड लिहून चालवायची साधने जे घडवतात, त्यांचे एका दुर्लक्षित दोषाकडे आपल्या पत्रातून लक्ष वेधू इच्छितो. अशा प्रत्येक साधनाने काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात, तर फाइल, शाखा (प्रकल्पाची समांतर प्रत), स्क्रिप्ट (कमांडची साठवलेली मालिका) यांची नावे वापरणारा आपल्या मनाने ठेवतो. ही दोन्ही एकाच ओळीत एकाच जागी येऊ दिली, की कोणता शब्द कोणाचा हे साधनाला तर्काने ठरवावे लागते आणि तर्क चुकला तर काम वापरणाऱ्याचे बिघडते.

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मधील 'चेकआउट' ही कमांड घ्या. शाखा बदलायलाही तीच कमांड आणि फाइल पूर्ववत करायलाही तीच. शाखेचे नाव लिहिताना चूक झाली आणि त्या नावाची शाखा नसून फाइलच असली, तर त्या फाइलमधले नोंद न केलेले बदल कोणतीही विचारणा न होता पुसले जातात. 2019 मध्ये, 2.23 या आवृत्तीत, 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन कमांड वेगळ्या झाल्या, हे योग्यच झाले. जुनी कमांड मात्र सवयीमुळे अजून सर्रास वापरली जाते. प्रोग्रॅमच्या फाइली तयार करून देणाऱ्या 'मेक'ची तऱ्हा वेगळी आहे. त्याला सांगितलेल्या कामाचे नाव ते फाइलचेच नाव समजते. फोल्डरमध्ये 'क्लीन' नावाची फाइल चुकून तयार झाली, तर 'मेक क्लीन' म्हटल्यावर साफसफाई होण्याऐवजी सारे अद्ययावत असल्याचा निरोप मिळतो. त्यावर '.फोनी' (हे नाव फाइलचे नाही असे 'मेक'ला सांगणारी नोंद) हा उपाय आहे, पण तो ठाऊक असण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच टाकलेली आहे.

राखीव शब्दांची यादी आवृत्तीगणिक वाढत जाते, ही खरी अडचण आहे. आज मोकळा असलेला शब्द उद्या साधन स्वतःकडे घेते आणि त्याच नावाने चालणारी आपली स्क्रिप्ट अचानक भलतेच काही करू लागते. जावास्क्रिप्टची पॅकेजे हाताळणाऱ्या 'एनपीएम'ने वापरकर्त्याच्या स्क्रिप्ट 'रन' या शब्दामागे ठेवल्या आहेत. एक शब्द जास्त टाइप करावा लागतो अशी तक्रार होते, ती मला पटत नाही. त्या एका शब्दामुळे नव्या अंगभूत (साधनाच्या स्वतःच्या) कमांडची वापरकर्त्याच्या नावाशी टक्कर होत नाही. फाइलींच्या नावांसाठी '--' ही खूण याच कामाची आहे. तिच्यानंतरचे काहीही पर्याय (कमांडचे वर्तन बदलणारी, '-'ने सुरू होणारी खूण) म्हणून वाचू नये, असे पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाचे मार्गदर्शक तत्त्व सांगते, म्हणूनच '-एफ' नावाची फाइलही 'आरएम' या फाइल पुसणाऱ्या कमांडला सुखरूप देता येते.

टक्कर अटळच असेल तर ती निदान सांगितली जावी. वापरकर्त्याने एखाद्या कमांडसाठी ठेवलेले टोपणनाव अंगभूत कमांडच्याच नावाचे असेल, तर 'गिट' ते मुकाट्याने दुर्लक्षितो. रस्ट भाषेचे साधन 'कार्गो' तसेच करतो, पण इशारा देऊन. नवे साधन लिहिणाऱ्यांनी दुसरी पद्धत स्वीकारावी आणि नवा शब्द राखीव करण्याआधी किमान एक आवृत्तीभर तसा इशारा दाखवावा, अशी माझी सूचना आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक अभियंता