शाळेची वाद्यं नीट करून देणाऱ्यांचे आभार

नाव न सांगता शाळेची वाद्यं नीट करून देणाऱ्यांनो, मनापासून आभार. पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओलीनं सैल पडते, सूर उतरतो. मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून हलके ठोके, समोरासमोरच्या घरांवर (चामडी पट्ट्यांमधल्या जागांवर) आळीपाळीनं. एकाच जागी ठोकलं की सूर सगळीकडे सारखा लागत नाही. हे पोरांना तुम्हीच शिकवलं. पेटीचा भाताही सांधला (उंदरांना पेटी फार आवडते बा!). तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी घरोघरी, पण केहरवा तालाच्या ८ मात्रांत खंजिरीवाला धावला की ढोलकी मागे पडते. म्हणून दोघांना समोरासमोर बसवून आधी टाळीवर संथ मोजायला लावलंत. वर्गात न बोलणारे दोघं आता डब्यालाही सोबत बसतात. पेटीवरची लाजरी पोरगी स्वतःच सगळ्यांना थांबवते, "सम चुकली, पुन्हा घ्या!" (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.)