डोंगल साहेबांचं, बोटं ऑपरेटरची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी नोकरांना शिकवायच्या केंद्राच्या मिशन कर्मयोगीबद्दल अधूनमधून छापून येतं म्हणून हे पत्र. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. 2001 ला एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला तेव्हा आम्ही चाळिशीतली मंडळी पोरांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकलो, पास झालो, सर्टिफिकेट सर्व्हिस बुकात लागलं आणि तिथंच राहिलं, कारण टेबलावरचं काम अजून रजिस्टरातच होतं.

पुढं सातबारा कॉम्प्युटरवर गेला. ज्याला सातबाऱ्यावरचे इतर हक्क, पोटखराबा (म्हणजे लागवडीला न येणारी जमीन), भोगवटादार वर्ग कळतो त्या तलाठ्याला टायपिंग येईना आणि ज्याला टायपिंग येतं त्या पोराला पोटखराबा म्हणजे काय ते माहीत नाही. कुणाचं क्षेत्र गळलं, कुणाचं नावच. मग गावोगाव चावडी वाचन, म्हणजे लोकांपुढं सातबारे वाचून दाखवणं, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली चुका दुरुस्तीच्या ऑर्डरी, लोकांचे हेलपाटे वेगळेच.

आजही फार बदललंय असं नाही. मध्यंतरी वारस नोंदीसाठी एका ऑफिसात गेलो तर साहेबांची डिजिटल सही करायचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं असतं ते) ऑपरेटरच्या मशीनला, पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आणि साहेब मीटिंगला! अहो, ती डिजिटल सही म्हणजे कायद्यानं साहेबांची सही आहे, उद्या काही झालं तर नोकरी साहेबांची जाणार, त्या कंत्राटी पोराची नाही.

आयगॉट या कर्मयोगीच्या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स वाईट नाहीत, लांबच्या तालुक्यातल्या माणसाला घरबसल्या शिकता येतं, दरवेळी पुण्याला यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत जायला नको. पण जुन्या ऑफिसातला एकजण सांगत होता, व्हिडिओ चालू ठेवायचा, चहाला जायचं, उत्तरं व्हॉट्सअॅपवर येतात. यात त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, कारण ऑफिसात एकाकडं तीन टेबलं असतात. शिकायला वेळ ड्युटीतच द्या, सरावापुरत्या खोट्या सातबाऱ्यावर फेरफार घालून, चुकवून बघायची सोय द्या, आणि कायदा आणि सॉफ्टवेअर दोन्ही येणारा एक जुना माणूस आठवड्यातून एक दिवस तहसीलला बसवा. आमच्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ आहेत, फुकट येऊ.

बाकी माझी नोंद झाली, फक्त वडलांच्या नावातला काना गळलाय. 155 चा अर्ज टाकलाय.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून