सभासदांची यादी इंटरनेटवरून काढून टाकण्याबाबत (चौथी तक्रार)

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
कारेलीबाग, बडोदे

स. न. वि. वि.

अध्यक्ष साहेब, सोसायटीच्या सगळ्या सूचना गुजरातीत निघतात, त्याला माझी कधीच हरकत नव्हती. हे पत्र मात्र मराठीत लिहिते आहे. तुम्ही दांडिया बाजारात वाढलात, मी रावपुऱ्यात, आणि हे म्हणणे मला माझ्या भाषेत नीट मांडायचे आहे. दोनदा तोंडी सांगितले, एकदा तक्रार वहीत लिहिले. वहीतल्या पानावर समितीची सहीसुद्धा नाही.

आधी ही यादी झाली कशी ते आठवा. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी आपल्या पार्किंगमध्ये शिरले. लिफ्ट बंद, लाइट नाही, आणि गावात मगरी फिरताहेत म्हणून गुडघाभर पाण्यातही कोणी पाय घालेना. पाणी ओसरल्यावर मीटिंगमध्ये ठरले, की पुन्हा असे झाले तर आधी कोणाकडे धावायचे याची यादी हवी. सेक्रेटरी साहेब वही घेऊन दारोदार फिरले. मी त्यांना बसवून चहा दिला आणि विचारले ते सगळे सांगितले. मोबाइल नंबर, वय, एकटी राहते, बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्या, मुलाचे नाव, तो टोरांटोला असतो. होडी आली तर माझ्या जिन्याशी आधी लागावी म्हणून सांगितले. दुसऱ्या कशासाठीही नाही.

ती यादी त्यांच्या पुतण्याने सोसायटीच्या वेबसाइटवर चढवली. मला कोणी विचारले नाही, कळवलेही नाही.

मला कळले ते नोव्हेंबरात, एका दुपारी. फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, तुमच्या मुलाला टोरांटोत पोलिसांनी धरले आहे. मुलाचे नाव बरोबर, शहर बरोबर. म्हणाला, ‘आंटीजी, आप घर में अकेली हैं, दरवाज़ा बंद कर लीजिए, किसी को मत बताइए.’ आणि मी दाराला कडी घातली, साहेब. पासबुक काढून पलंगावर बसले, हात थरथरत होता आणि तो सांगेल ते आकडे कागदावर लिहीत होते. समोरच्या वहिनी कोथिंबिरीची जुडी द्यायला आल्या आणि बेल वाजवतच राहिल्या, म्हणून माझे पैसे वाचले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार त्यांनीच करून दिली. संध्याकाळी भाचीने माझा मोबाइल नंबर गुगलमध्ये टाकला, तर तिसऱ्याच ओळीत आपल्या सोसायटीची पीडीएफ. पान २ वर माझे नाव, फ्लॅट नंबर आणि शेवटच्या रकान्यात ‘एकट्या राहतात’.

यावर सेक्रेटरी साहेब म्हणाले, ‘पैसे गेले नाहीत ना? मग झालं.’

त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीत सगळ्यांचेच नंबर छापून यायचे. यायचे. पण त्या जाडजूड पुस्तकात कोण बाई एकटी राहते आणि कोणत्या गोळ्या घेते हे नसायचे, आणि नुसत्या नंबरावरून माणूस शोधायचा तर अख्खे पुस्तक चाळावे लागे. दुसरे म्हणणे, की लिंक काढली आहे. ती फक्त वेबसाइटच्या पहिल्या पानावरून काढली आहे. फाइल जागच्या जागी आहे. तिचा पत्ता टाकला की आजही उघडते, म्हणून शोधातही येते. काल रात्री मी पुन्हा बघितले. फाइल सर्व्हरवरून पुसली पाहिजे, आणि मग जुना निकाल काढून टाकण्यासाठी गुगलकडे वेगळी विनंती केली पाहिजे, नाहीतर तो आणखी काही दिवस दिसत राहतो. हे मला भाचीने दहा मिनिटांत समजावले. वेबसाइट चालवणाऱ्या माणसाला ते तीन महिन्यांत समजू नये?

तिसरे म्हणणे कायद्याचे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मी त्यांना दाखवला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, असे त्याचे सूत्र आहे, आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. ते म्हणाले, नियम आत्ता नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमांना दीड वर्षाची मुदत आहे. मग दीड वर्ष माझा नंबर असाच राहू द्यायचा का? खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितले आहे. सभासदांचे रजिस्टर ठेवावेच लागते, हे मलाही मान्य आहे. ते ऑफिसच्या कपाटात ठेवायचे असते.

हा एकच प्रकार असता तर मी गप्प बसले असते. पण माझ्या कामवालीची वॉचमनशी बोलतानाची सीसीटीव्ही क्लिप ग्रुपवर कोणी टाकली? तिने त्यानंतर आठ दिवस काम सोडले होते. वरची टाकी न कळवता धुतली, माझ्या घरात दोन दिवस गढूळ पाणी. गणपतीच्या वर्गणीची पावती अजून आलेली नाही. माझ्या स्कूटरच्या जागी पुतण्याची गाडी उभी असते. मी कधी आवाज चढवला नाही, हे तुम्हीही जाणता.

ए विंगमधल्या चौघीजणी, तळमजल्यावरचे डॉक्टर आणि समोरच्या वहिनी, सगळ्यांना हेच वाटते. सह्या करायला ते तयार आहेत, पण उन्हाळ्यात टँकरच्या पाळ्या सेक्रेटरी साहेबच लावतात, म्हणून मीच त्यांना थांबवले.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. यादीत एकूण ४८ घरे आहेत. ४७ जणांचे मोबाइल नंबर आहेत. सेक्रेटरी साहेबांच्या ओळीत तो रकाना मोकळा आहे. स्वतःचा नंबर लोकांपुढे टाकू नये हे त्यांना कळत होते.

माझे मागणे एवढेच: आठ दिवसांत फाइल पुसावी, वेबसाइटचा पासवर्ड पुतण्याकडून काढून तुमच्याकडे ठेवावा, आणि येत्या सभेत सेक्रेटरी साहेबांनी उभे राहून सांगावे की सभासदांना न विचारता यादी टाकली. पुराची यादी जरूर ठेवा, कागदावर, कुलपात. माझे नाव त्यात राहू द्या. नदी पुन्हा वाढणारच आहे.

आपली,
बी विंग, तिसरा मजला
(हे पत्र नोटीस बोर्डावर लागावे असे मला वाटते, म्हणून नाव घातलेले नाही. तुम्ही ओळखताच.)

सोबत: यादीच्या पान २ ची झेरॉक्स. बाकीच्यांचे नंबर मी काळ्या शाईने खोडले आहेत.