थडग्यांवरची अक्षरे पुसण्याआधी

संपादक महोदय,

खेड्यातल्या चर्चचा इतिहास लिहिताना बहुतेक जण इमारतीपाशी थांबतात. बांधली कोणी, घंटा कधी आली, एवढेच. गावाची खरी हकिगत दफनभूमीत आणि दफनांच्या नोंदवहीत असते. इंग्लंडमध्ये अशा नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. ज्यांचे नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर आले नसते, अशी साधी माणसे त्यामुळे आज सापडतात.

डर्बीशायरमधले ईम हे गाव पाहा. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये रोग बाहेर पसरू नये म्हणून विल्यम मॉम्पेसन या धर्मगुरूच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर होऊ लागली. मृतांना चर्चच्या आवारात नव्हे, तर आपापल्या शेतांत, परसात पुरले गेले. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले पुरली, तीही एकटीने! मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन मात्र चर्चच्याच आवारात विसावली आहे. हे सारे आपल्याला कळते ते दगड आणि नोंदी जपल्या गेल्या म्हणून.

म्हणून चर्च समित्यांना कळकळीची विनंती: थडगी ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. संगमरवर आणि चुनखडीचा दगड ॲसिडने झिजतो, अक्षरे कायमची जातात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुसट मजकूरही वाचता येतो. तेव्हा फोटो काढा, नावे जशीच्या तशी उतरवा आणि कोणते थडगे कुठे आहे याचा नकाशा नोंदवहीसोबत ठेवा.

— एक वाचक